सगळेच गेम जुगार नसतात

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा संसदेत मंजूर झाला. चांगलंच झालं. पण तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात गेम म्हणजे जुगार असंच धरून चाललेत सगळे. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन द्यायची तरतूद आहे, ते कुणी वाचतच नाही.

मी 'मॉन्स्टर हंटर' खेळतो. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा गेम, २००४ पासूनचा. चौघांनी मिळून एका अजस्र प्राण्याची शिकार करायची. नियम साधा: सहसा चौघांत मिळून तीनदा बेशुद्ध पडलात की मोहीम संपली. तिन्ही वेळा एकच जण पडला, तरी हात सगळ्यांचेच रिकामे.

आता गंमत बघा. या नियमामुळे नवख्याला सांभाळून घेणं जुन्यांच्याच फायद्याचं होतं. "झोपलाय तो, मारू नकोस. आधी बॉम्बची पिंपं लावू." झोपेतल्या प्राण्याला पहिला घाव जास्त लागतो ना! तरी एखादा उत्साही धावत येतो, बारकासा वार करतो आणि सगळी तयारी फुकट. चिडचिड होते, हसूही येतं. मग कुणीतरी त्याला नीट समजावतं.

वेळ जातो, हे खरंय. त्यावर जरूर बोला. पण पोराच्या हातातला कंट्रोलर हिसकावण्याआधी दोन प्रश्न विचारा: यात पैसे लावतोस का? आणि कुणाबरोबर खेळतोस?

उत्तर ऐकून मग काय ते ठरवा.