सशाची बातमी होत नाही, म्हणून हे लिहितोय

मंडळी, बिबट्या दिसला की फोन येतो. रानडुकरांनी वावर लोळवलं की फोन येतो. सशासाठी मला आजवर एकही फोन आलेला नाही. विषय काढला तर आमच्या गावचे एक काका हसून म्हणाले, "भाऊ, सशानं खाल्लं हे पेपरात छापशील तर लोक मलेच हसतील."

पण यंदाच्या हिवाळ्यात आमच्या घरच्या संत्र्याच्या बागेत 120 पैकी 14 कलमं सशानं कुरतडली. कलमं दुसऱ्या वर्षातली, बोटाएवढ्या खोडाची. ससाच कशावरून? फांदी सुरीनं कापल्यासारखी तिरपी तुटलेली आणि खाली वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या.

कारण सरळ आहे. दिवाळीपर्यंत सोयाबीन निघून जातं, धुऱ्यावरचं गवत वाळतं. मग हिरवं उरतं ते ठिबकवरच्या बागेत. ससा येतो रात्री, कुंपणाच्या खालून. डुकरांसाठी बांधलेल्या साड्या त्याला अडवत नाहीत आणि झटका मशीनच्या तारेखालून तो सहज निघतो.

नुकसान दिसतं त्यापेक्षा मोठं असतं. खोडाची साल चारी बाजूंनी गेली तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही, झाड हळूहळू वाळतं. दुसरा प्रकार जास्त फसवा. आपल्याकडचं संत्रं बहुतेक जंबेरीच्या खुंटावर असतं. जमिनीपासून वीतभर उंचीवर डोळा बांधलेला असतो. सशानं त्याच्या खाली कापलं की नंतर येणारे फुटवे जंबेरीचे. झाड जगलं म्हणून आपण खूश, आणि चार-पाच वर्षं पाणी घालून हाती येते आंबट जंबेरी.

आता सरकारी बाजू बघा. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत मिळतं, 50, 30 आणि 20 टक्के. दुसऱ्या वर्षीच्या हप्त्याला बागायती झाडं किमान 90 टक्के जिवंत लागतात. 6 बाय 6 मीटरवर हेक्टरी 277 झाडं बसतात. म्हणजे 28 झाडं गेली की हप्ता अडकला. हे काम दोन-चार ससे एका हिवाळ्यात करू शकतात. बरं, वन्यप्राण्यांच्या पीक नुकसानभरपाईत रानडुक्कर, रोही, हरीण, रानगवा, माकड, हत्ती यांची नावं आहेत. सशाचं नाही. पण 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. फास लावला, मारला तर गुन्हा. आणि तारेत थेट वीज सोडण्याचा विचारही नको. त्यानं माणसं मेल्याच्या बातम्या मी स्वतः लिहिल्यात.

माझं म्हणणं सशाला मारायची परवानगी द्या असं नाही. त्याला अडवणं सोपं आहे. इंचापेक्षा लहान भोकाची जाळी, दोन फूट उंच, खोडापासून चार बोटं लांब गोल उभी करायची आणि दोन-तीन इंच मातीत दाबायची. जाळी परवडत नसेल तर बोरीच्या काट्या दाट रोवा, आपले आजोबा तेच करायचे. खोडाजवळचं गवत काढा, म्हणजे त्याला दडायला जागा राहत नाही. आणि कुरतडलेल्या झाडाला फुटवे आले तर आधी ते डोळ्याच्या वरचे की खालचे, ते पाहा. खालचे असतील तर तिथं नवं कलम लावा.

मुद्दा एवढाच, की योजनेत खड्ड्याला पैसे आहेत, कलमाला आहेत, नांग्या भरायलाही आहेत. काटेरी कुंपण मात्र ऐच्छिक, शेतकऱ्याच्या खिशातून. झाड मेल्यावर दुसरं लावायला पैसे देण्यापेक्षा पहिलंच जगवायला जाळी द्या. आमदार, जिल्हा परिषद सदस्य, कृषी खात्यातले मित्र ही पोस्ट वाचतात, म्हणून इथंच मागतोय.

तुमच्याकडे किती झाडं गेली? आकडा, गाव आणि फोटो कमेंटमध्ये टाका. हसणार कोणी नाही. आकडे जमले की त्याची बातमी मी करतो.