आम्ही, आपण आणि मुख्य संशोधक

संशोधनासाठी निधी मागणाऱ्या अर्जात 'आम्ही' हा शब्द किती वेळा येतो हे मोजायला आम्ही एकदा बसलो होतो, आणि तिसऱ्या पानावर नाद सोडून दिला. आम्ही शोधू, आम्ही मांडू, आम्ही सिद्ध करू. अर्ज अर्थातच इंग्रजीत होता. आम्ही म्हणजे पाच जण: मराठी, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल आणि विधी या विषयांचे अध्यापक. आमची महाविद्यालये वेगवेगळी, विद्यापीठ मात्र एक. किमान तीन विद्याशाखांचा संशोधनगट बांधून प्रस्ताव पाठवावा, असे आवाहन करणारे परिपत्रक आमच्यापर्यंत आले, तेव्हा आमच्यातील दोघांची एकमेकांशी तोंडओळखही नव्हती. ती परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याच्या केंद्रावर झाली. आंतरविद्याशाखीय संशोधनाचा उगम पुष्कळदा असाच असतो, असे आता वाटते.

बैठका आंबिवलीला होत, कारण भूगोलाचे सहकारी तेथे राहतात आणि त्यांच्या घरी पाच माणसे बसू शकतील अशी एक खोली आहे. कल्याणनंतर शहाड, शहाडनंतर आंबिवली. टिटवाळ्याची वा आसनगावची गाडी चुकली की पुढचीची वाट पाहत फलाटावर उभे राहावे लागते, आणि आमच्या प्रस्तावातील पुष्कळसा मजकूर त्या फलाटावरच सुचलेला आहे. विषय शोधायला मात्र कुठे जावे लागले नाही. स्थानकाच्या जवळच मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'एनआरसी'चा कारखाना होता. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर स्थापन झालेली ही कंपनी. तिच्याभोवती कामगारांची वसाहत उभी राहिली आणि एक गाव कारखान्याच्या वेळापत्रकावर जगू लागले. नोव्हेंबर २००९ मध्ये कारखान्याला टाळे लागले. कामगारांची थकलेली देणी, वसाहतीतील घरे, मालमत्तेचा ताबा यांचे भांडण दिवाळखोरी न्यायाधिकरणापर्यंत गेले आणि वर्षानुवर्षे चालले. जागा पुढे अदानी समूहाकडे आली, आणि तेथे सिमेंट दळण्याचा कारखाना उभारण्याच्या प्रस्तावावर सप्टेंबर २०२५ मध्ये जनसुनावणी झाली तेव्हा परिसरातील रहिवाशांनी विरोध केला.

आता या एका जागेत कोणती विद्याशाखा नाही? लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, त्याचा भुगा मुरवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करायची, मग तो पुन्हा सोड्याच्या सौम्य द्रावणात विरघळवून मधासारखा दाट व्हिस्कोज करायचा आणि बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडायचा, की धागा तयार. १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले गेले. हे रसायनशास्त्र झाले. पाणी आणि सांडपाणी आले की उल्हास नदी येते, म्हणजे भूगोल. बंद कारखान्यात अर्थशास्त्र व कायदा आहेतच. प्रश्न उरला मराठीचा. तो त्या वेळी आम्ही 'कामगारांचे मौखिक इतिहास व भाषा' असे एक ओळीचे कलम घालून मिटवला. मिटवला असे आम्हाला वाटले.

पैशाची बाब लवकर सांगून टाकू. मानव्यविद्यांना मोठा निधी मिळू शकतो ही कल्पनाच आमच्या पिढीतील अध्यापकांना नवी आहे. आम्ही लघुसंशोधन प्रकल्पांवर वाढलेली माणसे. त्यातून एक टेपरेकॉर्डर, काही पुस्तके आणि तीन प्रवासखर्च निघत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये 'स्ट्राइड' ही योजना जाहीर केली, तेव्हा तिच्या एका घटकात मानव्यविद्यांच्या प्रकल्पांसाठी एका संस्थेला एक कोटी आणि अनेक संस्थांच्या जाळ्याला पाच कोटी रुपयांपर्यंतची तरतूद होती. २०२३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या कक्षेतही विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्या सांध्यावरचे काम येते. मात्र मोठा आकडा दिसला की माणसाची भाषा बदलते. आमची बदलली. कारखान्याला आम्ही 'स्थळ' म्हणू लागलो, कामगारांना 'हितसंबंधी घटक' आणि पाण्याच्या नमुन्यांना 'विदा'. रसायनाच्या सहकाऱ्यांना वर्णपटमापक हवा होता. त्याची किंमत पाहून अर्थशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "मग आम्ही चौघं तुमच्या यंत्राचे सुटे भाग का?" त्या दिवशी चहा न घेताच सगळे गाडीला गेले. असो.

अर्जात 'पूर्वी झालेले काम' असे एक प्रकरण लिहावे लागते. एरवी हे प्रकरण उरकण्याचे असते, पण आमचा सगळ्यांत चांगला काळ त्यातच गेला. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावचे उत्खनन केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी या पुरातत्त्वज्ञांसोबत तेथे जळक्या धान्याचे दाणे ओळखणारे होते, जनावरांची हाडे वाचणारे होते, माणसांचे सांगाडे तपासणारे होते. तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी काय पेरत, काय खात आणि दुष्काळ आला की काय करीत, याचे उत्तर त्यांतल्या कोणा एकाजवळ नव्हते. त्याच संस्थेने १९६९ मध्ये कोयना धरणाने विस्थापित झालेल्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्या लेखिका इरावती कर्वे आणि जाई निंबकर. एक मानववंशशास्त्रज्ञ, दुसरी पुढे इंग्रजी कथा-कादंबरीकार म्हणून ओळखली गेलेली. मुंबईच्या गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४ मध्ये इंग्रजीत आला तो नीरा आडारकर या वास्तुरचनाकार आणि मीना मेनन या कार्यकर्त्या-लेखिका यांनी मिळून लिहिलेला. आणि रेयॉनचाच विषय घेतला तर पॉल ब्लँक या वैद्याचे २०१६ चे 'फेक सिल्क' आहे. कार्बन डायसल्फाइड मज्जासंस्थेवर आणि मनावर काय परिणाम करतो, याची नोंद पॅरिसच्या ओग्युस्त देल्पेश यांनी १८५६ मध्ये रबर कामगारांबाबत केली होती, आणि व्हिस्कोज कामगारांमधील हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचा ब्रिटिश अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. या दोन तारखांमध्ये शंभराहून अधिक वर्षे आहेत. त्या वर्षांची गोष्ट सांगण्यासाठी त्या वैद्याला इतिहासकार व्हावे लागले.

या सगळ्या नोंदी काढताना आमच्यातील विधीच्या अध्यापकांनी एक खट्याळ शंका काढली: दामोदर कोसंबींनी आज अर्ज केला असता तर? गणित, नाणकशास्त्र, संस्कृत पाठचिकित्सा आणि इतिहास अशा चार विद्याशाखा, पण संशोधक एकच. संगणकाने अर्ज पुढे जाऊच दिला नसता.

आता काकांकडे येतो. त्यांचे नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. ते धागा काढण्याच्या खात्यात होते, भूगोलाच्या सहकाऱ्यांचे शेजारी आणि वयाने आम्हा सर्वांहून मोठे. एका रविवारी ते सहज येऊन बसले. समोर रसायनाच्या सहकाऱ्यांनी काढलेली आकृती होती: चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण, लगद्यापासून धाग्यापर्यंत. काकांनी ती बराच वेळ पाहिली आणि विचारले, "सर, हे बाण सगळे एकाच बाजूला कसे?"

माल पुढेच जातो ना काका, असे आम्ही म्हणालो.

"माल जातो. पण जेट चोक व्हायला लागले, धागा तुटायला लागला, की पहिल्यांदा कळणार कुणाला? आम्हाला. मग आमचा माणूस मागं जाऊन सांगणार, की बाबा तुमचं व्हिस्कोज नीट पिकलेलं नाही. मागच्यांना प्रयोगशाळेचा कागद यायच्या आधी आमचा निरोप पोचायचा. हा बाण उलटा पण काढा."

त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि शेवटच्या चौकटीपासून मागे एक वाकडा बाण काढला. खोलीत कुणी काही बोलेना. ज्ञान प्रयोगशाळेतून यंत्राकडे, यंत्रातून धाग्याकडे आणि मग आमच्याकडे असेच वाहते, असे आमचा सबंध अर्ज गृहीत धरून होता. तो उलटा बाण पाहून अर्थशास्त्राच्या बाई वेतन आणि कौशल्याबद्दल बोलू लागल्या. विधीचे अध्यापक म्हणाले, की हा मागे जाणारा निरोप नोकरीच्या कोणत्याच कागदात नसणार. भूगोलवाल्यांना नदीकाठच्या लोकांचा असाच एखादा बाण असेल असे वाटले. आम्ही पाच जण पहिल्यांदा एका विषयावर बोलत होतो. गाडी चुकली, पुढचीही चुकली.

नव्या मसुद्यात त्या बाणाला स्वतंत्र विभाग मिळाला. त्याचे इंग्रजी नाव भारदस्त होते. मराठीत 'संकल्पनात्मक चौकट' म्हणता येईल. विभागाखाली मुख्य संशोधकाचे नाव होते, त्याखाली आम्हा चौघांची सहसंशोधक म्हणून. हे लिहिताना कुणालाही काही खटकले नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

तो अर्ज नामंजूर झाला. परीक्षकांच्या अभिप्रायात दोन ओळी होत्या. विषय स्थानिक स्वरूपाचा आहे, ही पहिली. तिचे आम्हाला फार वाईट वाटले नाही, कारण आंबिवली स्थानिक आहेच. दुसरी अशी, की साहित्याच्या अध्यापकाची प्रकल्पातील भूमिका स्पष्ट होत नाही. ही मात्र लागली. आणि खरे सांगायचे तर ती ओळ बरोबर होती.

पुढच्या आवाहनाच्या वेळी आम्ही काकांना सहसंशोधक करायचे ठरवले. संकेतस्थळावरच्या नमुन्यात सर्वोच्च पदवीचे वर्ष आणि संस्थेतील कर्मचारी क्रमांक अनिवार्य होते. ते रकाने रिकामे ठेवले की पान तांबडे होई. काकांजवळ कर्मचारी क्रमांक होता, पण तो बंद कारखान्याचा. शेवटी त्यांची जागा 'माहिती देणारे' या वर्गात ठरली आणि त्यांचे मानधन किरकोळ खर्चाच्या शीर्षाखाली, छायाप्रती आणि टपाल यांच्या शेजारी गेले. माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवावे, असा नियम आहे. हा नियम माणसाच्या रक्षणासाठी आहे, हे आम्ही वर्गात शिकवतो.

माणसांवरील संशोधनाला नैतिक समितीची मान्यता लागते आणि सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत संमतिपत्र द्यावे लागते. ते मराठीत करण्याचे काम आमच्यातील मराठीवाल्यांकडे आले; साहित्यवाल्यांना काहीतरी काम हवेच होते. पहिल्याच वाक्याला गाडी अडली. 'आम्ही या परिसराचा अभ्यास करणार आहोत. आपण त्यात सहभागी व्हावे, ही विनंती.' शुद्ध, सभ्य मराठी. काकांनी ते वाचले आणि म्हणाले, "आम्ही म्हणजे तुम्ही पाच. आणि आपण म्हणजे मी एकटा. होय ना?"

व्याकरणाच्या तासाला आम्ही गेली कित्येक वर्षे सांगत आलो, की मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचन दोन आहेत. 'आम्ही' ऐकणाऱ्याला वगळतो, 'आपण' त्याला सामावून घेतो. इंग्रजीला हा भेद करता येत नाही, म्हणून तिकडच्या अर्जातला तो एकच शब्द सगळ्यांना पोटात घेतल्यासारखा दिसतो. पण 'आपण'चा दुसरा व्यवहारही आहे. तो आदराने दुसऱ्याला उद्देशून वापरतात, सरकारी पत्रांत तर नेहमीच. म्हणजे जो शब्द सर्वांना एका सतरंजीवर बसवतो, तोच अदबीने समोरच्याला खुर्चीत बसवून पलीकडे ठेवतो. संमतिपत्रात आम्ही नेमका हा दुसरा 'आपण' वापरला होता. काकांना तो वाचता आला, आम्हाला लिहूनही दिसला नव्हता.

आम्ही मजकूर बदलला. 'एनआरसीत धागा कसा निघत असे, निरोप कुठून कुठे जात, नदीचे पाणी कसे बदलत गेले, याचा शोध आपण घेणार आहोत.' काकांनी मान डोलावून सही केली. नियमाप्रमाणे ते मराठी संमतिपत्र एका त्रयस्थ अनुवादकाकडे गेले; त्यांनी मूळ इंग्रजी न पाहता ते परत इंग्रजीत करायचे, म्हणजे अर्थ ढळला असल्यास कळतो. अनुवादक सरकारी मराठीत मुरलेले असावेत. त्यांनी 'आपण'चा अर्थ आदरार्थी 'तुम्ही' असा घेतला. त्यामुळे समितीपुढे गेलेल्या इंग्रजी प्रतीत लिहिले आहे, की धागा, निरोप आणि नदी यांचा शोध सही करणारे गृहस्थ घेणार आहेत. आमचा त्यात कुठेच उल्लेख नाही.

समितीने त्या वाक्याखाली रेघ मारून शेरा दिला आहे: संशोधक कोण आणि सहभागी कोण, याबाबत गोंधळ दिसतो, खुलासा करावा. खुलाशाला दहा दिवसांची मुदत आहे. रसायनाचे सहकारी म्हणतात, सरळ 'आम्ही' लिहून मोकळे होऊ. अर्थशास्त्राच्या बाई म्हणतात, चूक अनुवादकाची आहे, आपली नाही. मराठीवाल्यांनी अजून मत दिलेले नाही. रविवारी सकाळी आंबिवलीला बैठक आहे. काकांना निरोप गेला आहे. येताना पेन्सिल आणतो म्हणाले.