असईचे गोलंदाज

दिवाळीच्या फराळाबरोबर पराभवाची गोष्ट वाढू नये, हे मला कळते. पण जालना जिल्ह्यातील असईला जाऊन आल्यापासून ती मनातून जात नाही.

23 सप्टेंबर 1803 रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्ली यांची गाठ पडली. मूळ भांडण घरचेच. 25 ऑक्टोबर 1802 ला हडपसरपाशी होळकरांनी पेशवे-शिंद्यांना हरवले. बाजीराव पळाला आणि 31 डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांना घरात घेऊन आला. असईच्या मोहिमेत वेलस्लीबरोबर पेशव्यांच्या पक्षाचेही घोडेस्वार होते!

कंपनीचा जाहीरनामा निघताच शिंद्यांच्या कवायती फौजेतले बरेच इंग्रज अधिकारी चाकरी सोडून गेले. गोलंदाज मात्र राहिले. गोलंदाज हा मुळात कारागीर. दारूचे माप, गोळ्याचा पल्ला, बत्तीचा क्षण, हे त्याचे शास्त्र. संगिनींशी भिडणे हे पायदळाचे काम. पण शत्रू तोफांवर येऊन आदळला तेव्हा ही माणसे हलली नाहीत. हातघाईवर लढत तोफेपाशीच पडली. काही जण मेल्याचे सोंग घेऊन आडवे झाले आणि शत्रू पुढे सरकताच उठून त्याच्या पाठीवर तोफा डागू लागले. त्या तोफा घ्यायला वेलस्लीला पुन्हा मागे यावे लागले. कंपनीचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले.

वेलस्लीकडे मद्रासचे पायोनियर होते. वाटा करणारे, खंदक खणणारे. त्यांना ‘असई’चा मान मिळाला. इकडच्या गोलंदाजांना मान देणार कोण? हरलेल्यांचे पथकच उरत नाही.

माझ्याबरोबर पुतण्या होता, कारखान्यात इंजिनिअर आहे. बांधावर उभा राहून म्हणाला, “काका, हुकूम देणारेच गेले होते. मग हे का थांबले?”

मी म्हटले, “यंत्र चालू असताना तू जागा सोडशील का?”

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “पण भांडण तर मोठ्यांचंच होतं ना?”

आता गप्प राहण्याची पाळी माझी होती. त्याचे वडील आणि मी, घराच्या वाटणीवरून चार वर्षे बोलत नाही.

यंदा पाडव्याला दादांच्या पाया पडायला जायचे ठरवले आहे.