बीटल्सचा न निघालेला अल्बम

माझ्या फोनमध्ये बीटल्सचा एक अल्बम आहे, जो बीटल्सनी कधी काढलाच नाही. नाव 'ऋषिकेश', साल १९६८, गाणी दहा, लांबी जेमतेम अर्धा तास. मुखपृष्ठ नाही, कारण ही साधी प्लेलिस्ट आहे. मी ती जोडत बसलो तेव्हा टाइमपासच चालला होता. हळूहळू मात्र त्या टाइमपासमधून भलतंच काहीतरी दिसायला लागलं.

आधी थोडा हिशोब. बीटल्स १९६८च्या फेब्रुवारीत महर्षी महेश योगींच्या ऋषिकेशच्या आश्रमात गेले. रिंगो दहाएक दिवसांत परतला, पॉल मार्चमध्ये, जॉन आणि जॉर्ज एप्रिलमध्ये. ध्यानधारणा किती झाली कोण जाणे, पण गाणी ढीगभर झाली. मेच्या शेवटी लंडनजवळ ईशरला, जॉर्जच्या घरी, त्यांनी ती साध्या गिटारवर टेप केली. नोव्हेंबरमध्ये दोन तबकड्यांचा 'व्हाइट अल्बम' आला. गाणी तब्बल तीस! त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन म्हणायचा की एकच तबकडी काढायला हवी होती. त्यामुळे बीटल्सवेड्यांचा नेहमीचा खेळ म्हणजे तीसातली पंधरा उडवायची. मी उलटं केलं. तीस गाणी घेऊनही जे बाहेर राहिलं, ते गोळा केलं.

नियम तीन. रेकॉर्डिंग १९६८चंच हवं. गाणं 'व्हाइट अल्बम'वर नको. आणि 'हे जूड' नको, कारण त्या सात मिनिटांपुढे बाकी कुणाचा आवाज ऐकूच येणार नाही. ईशरच्या टेप्स २०१८मध्ये अधिकृतपणे बाहेर आल्या, त्यामुळे शोधाशोध फार करावी लागली नाही.

पहिलं गाणं मी 'द इनर लाइट' ठेवलं. याचं संगीत जॉर्जने जानेवारीत मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, भारतीय वादकांकडून वाजवून घेतलं. ऋषिकेशच्याही आधी. अख्ख्या बँडमधला तो एकटाच इथे होता. पुढे हे गाणं 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला गेलं. म्हणून दुसरं गाणं 'लेडी मॅडोना', मग 'अक्रॉस द युनिव्हर्स' आणि 'हे बुलडॉग'.

पाचवं 'चाइल्ड ऑफ नेचर'. महर्षींच्या एका प्रवचनावरून जॉनने हे लिहिलं आणि त्याच प्रवचनावरून पॉलने 'मदर नेचर्स सन'. प्रवचन एक, गाणी दोन, जागा एकच. ती पॉलला मिळाली. जॉनने चाल सोडली नाही. १९७१मध्ये नवे शब्द घालून तिचं 'जेलस गाय' झालं आणि ते जगभर गाजलं. मूळ गाण्यात ऋषिकेशचा रस्ता होता, हे आता किती जणांना माहीत असतं?

मग 'सावर मिल्क सी', 'नॉट गिल्टी', 'व्हॉट्स द न्यू मेरी जेन', 'सर्कल्स' आणि 'जंक'.

यादी पूर्ण झाल्यावर मी सहज मोजलं. दहातली चार गाणी जॉर्जची निघाली. 'व्हाइट अल्बम'वरही त्याची चारच आहेत, पण तीसातली चार.

इथे जरा माझ्याबद्दल. इंजिनिअरिंगला असताना आमचा चौघांचा बँड होता. मी कीबोर्डवर. गाणी दोघं लिहायचे आणि माझं गाणं आलं की उत्तर ठरलेलं, 'मस्त आहे रे, पुढच्या वेळी बघू.' पुढची वेळ यायच्या आत कॉलेज संपलं. माझी गाणी जॉर्जच्या तोडीची नव्हती, हे वेगळं सांगायला नको. पण हा आकडा बघून आतून एकदम बरं वाटलं. चला, खलनायक सापडले.

पण रेकॉर्डिंग्ज नीट ऐकली की खलनायक हातातून निसटतात. 'नॉट गिल्टी' घ्या. ऑगस्टमध्ये या एका गाण्याचे टेक १०२ आकड्यापर्यंत गेले. एखाद्याला बाजूला सारायचं असेल तर कुणी रात्र रात्र त्याचं गाणं वाजवत बसत नाही. तरीही शेवटी ते अल्बमवर आलं नाहीच. 'सावर मिल्क सी' जॉर्जने जॅकी लोमॅक्सला दिलं. त्या रेकॉर्डवर जॉर्जसोबत पॉल आणि रिंगोही वाजवतात. म्हणजे मित्राचं गाणं वाजवायला ते हजर होते. त्याला घरात जागा तेवढी नव्हती.

आणि जागा फक्त त्यालाच नव्हती असंही नाही. जॉनचं गाणं तीन वर्षं थांबलं. 'जंक' तर पॉलचं, तेही उरलं. फरक थांबण्याच्या लांबीत आहे. 'नॉट गिल्टी' जॉर्जच्या स्वतःच्या अल्बमवर आलं १९७९मध्ये आणि 'सर्कल्स' १९८२मध्ये. चौदा वर्षं! माझ्या कॉलेजमधल्या चार वर्षांचं रडगाणं यापुढे जरा लहान वाटायला लागलं.

कुणी म्हणेल, हा अल्बम खोटा आहे. आहेच. अल्बम म्हणजे चौघांनी मिळून घेतलेला निर्णय असतो आणि इथे निर्णय माझा एकट्याचा. ईशरच्या 'सर्कल्स'मध्ये जॉर्ज एकटाच ऑर्गनपाशी बसलेला ऐकू येतो. त्याला मीच बीटल्सचं गाणं म्हणतोय. पण शिळ्या पोळीची फोडणीची पोळी करताना कुणी पोळीची परवानगी घेत नाही. तिची चव वेगळी लागते आणि डब्यात काय काय उरलं होतं तेही कळतं. अल्बम सांगतो बँडने काय ठरवलं. उरलेली गाणी सांगतात की ठरवताना कोण गप्प बसलं.

शेवटी मी 'जंक' ठेवलं. पॉलने ते १९७०च्या एप्रिलमध्ये स्वतःच्या पहिल्या अल्बमवर काढलं, त्याच सुमारास बँड फुटल्याची बातमी जगाला कळली. मोडक्यातोडक्या वस्तूंवरचं गाणं शेवटाला शोभून दिसतं, असं माझं मत.

आमच्या बँडचा व्हॉट्सॲप ग्रुप वर्षभर वाढदिवसाच्या केकपलीकडे गेला नव्हता. तिथे लिंक टाकली. ड्रमरचं उत्तर दहा मिनिटांत आलं, '"जंक" पहिलं हवं, शेवटी "नॉट गिल्टी".' गिटारवाल्याला 'हे जूड' हवंच आहे. रात्री दीडपर्यंत जुंपली होती. अजून मिटलेलं नाही.