गुलदारच्या भेटीला विजयदुर्गात

मराठवाड्याच्या माणसाला समुद्राचे अप्रूप फार. आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी कितव्या दिवशी आले, याची चर्चा बारा महिने चालते. अशा गावातून दोन माणसे एक मोडीत निघालेले लढाऊ जहाज पाहायला कोकणात निघाली म्हटल्यावर गल्लीत हसू झाले, यात नवल नाही. त्यातला एक मी, कारकुनी करणारा. दुसरे माझे मामा. भावसिंगपुऱ्याकडे राहतात, फौजेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर.

निमित्त पेपरातल्या बातमीचे झाले. नौदलाचे 'आयएनएस गुलदार' हे निवृत्त जहाज महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात आले असून, ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीच्या खडकांजवळ समुद्रात बुडवून तिथे पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना आहे. खर्च 46 कोटी 91 लाख. पर्यटक पाठीवर हवेच्या टाक्या बांधून खाली उतरणार, जहाजाभोवती प्रवाळ वाढणार, मासे येणार. त्या वेळी जहाज विजयदुर्गच्या बंदरात आणून ठेवलेले होते. मी हे मोठ्याने वाचत होतो. मामांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "भाचेबुवा, रजा टाका. बुडायच्या आधी बघून येऊ."

मामा 1988 साली शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. मद्रासच्या धक्क्यावर त्यांचा ट्रक ज्या जहाजात चढला, त्याचे नाव कोणत्या तरी जनावराचे होते, एवढे त्यांना आठवते. त्या वेळी चित्ता, गुलदार आणि कुंभीर ही पोलंडमध्ये बांधलेली एकाच घाटणीची जहाजे नौदलात होती. (गुलदार म्हणजे बिबट्या, कुंभीर म्हणजे मगर.) यातले मामांचे कोणते, हे मामाही सांगू शकत नाहीत. पण तोंड आठवते. "जहाजाला तोंड होतं रे. ट्रक उलटा घालायचा, मागं मागं करत. म्हणजे तिकडं उतरताना सरळ बाहेर."

देवगिरी एक्सप्रेसने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कणकवली आणि पुढे एसटी. एप्रिल 2025 चा उन्हाळा होता. गाडीत मामा एरवी बोलत नव्हते ते बोलू लागले. त्यांच्या गाडीत पाठीमागे बसलेल्यांपैकी तिघांनीच समुद्र आधी पाहिलेला होता, पोहता एकालाच येत होते. "आमच्याकडं विहिरीत तरी पाणी कुठं होतं शिकायला?" असे म्हणून ते हसले आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

अशी जहाजे करतात तरी काय, हे आपल्या वाचकांना सांगायला हवे. साध्या जहाजाला धक्का लागतो, क्रेन लागते. रणगाडे उतरवणाऱ्या जहाजाला नुसता किनारा पुरतो. तळ सपाट, पुढचा भाग उथळ पाण्यात जाईल असा. किनाऱ्याकडे सरकताना मागे नांगर टाकून ठेवायचा, नाक वाळूत रुतवायचे, पुढची दारे उघडून उतार खाली सोडायचा. माणसे आणि गाड्या बाहेर पडल्या की मागचा नांगर ओढत जहाज स्वतःला वाळूतून सोडवून घेते. गुलदार 83.9 मीटर लांब आणि 9.7 मीटर रुंद. रणगाडा किंवा चिलखती गाड्या आणि शिवाय दीडशेवर सैनिक त्यात मावत. म्हणायला सोपे आहे. पण वाळू कुठे आहे आणि पाणी किती खोल आहे, याचा अंदाज चुकला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच नौदलात आहे आणि त्या मोहिमेत गुलदार याच नावाचे जहाजही होते.

हे पहिले गुलदार, 1966 सालचे. बांगलादेश मुक्तीच्या युद्धात, डिसेंबर 1971 मध्ये, पाकिस्तानी फौज कॉक्स बाजारच्या बाजूने ब्रह्मदेशात निसटू नये म्हणून तिथे सैन्य उतरवायचे ठरले. कलकत्त्याहून 'विश्वविजय' या व्यापारी जहाजातून निघालेले गुरखा जवान भर समुद्रात घडियाल आणि गुलदार या दोन जहाजांवर घेण्यात आले. 14 डिसेंबरला घडियाल किनाऱ्याला लागायला गेले, पण नाक रुतले ते किनाऱ्यावर नव्हे, अलीकडच्या वाळूच्या दांड्यावर. दांड्यापलीकडे पुन्हा खोल पाणी. पाठीवर ओझे घेऊन जवान उतरले आणि त्यातले दोघे बुडाले. बाकीच्यांना मग होड्यांनी काठाला नेण्यात आले. किनाऱ्यावर शत्रू नव्हताच. दोनच दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली. विजयाच्या पुस्तकांत या दोघांना एखादी ओळ मिळते. डोंगरातले गुरखे काय आणि आमचे मराठवाड्याचे काय, समुद्राला दोघेही परकेच.

मामांच्या वेळचे दुसरे गुलदार 30 डिसेंबर 1985 रोजी पोलंडमधल्या ग्डिनिया बंदरात नौदलात दाखल झाले. जुलै 1987 मध्ये भारत-श्रीलंका करार झाला, शांतिसेना गेली, आणि तिथे शांतता राखायला गेलेल्यांना लढावे लागले. महार रेजिमेंटच्या 8 व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन् यांना 25 नोव्हेंबर 1987 च्या झुंजीत वीरमरण आले, त्यांना परमवीरचक्र मिळाले. अकराशेहून अधिक भारतीय सैनिक परत आले नाहीत. चित्ता, गुलदार आणि कुंभीर या काळात शांतिसेनेच्या दिमतीला होते. पुढे 2004 च्या त्सुनामीत हीच जहाजे मदत घेऊन धावली. तिघे 12 जानेवारी 2024 रोजी पोर्ट ब्लेअरला एकत्र निवृत्त झाले. तोवर त्यांनी मिळून सुमारे 17 लाख सागरी मैल तोडले होते.

शेवटची तुकडी श्रीलंकेतून 24 मार्च 1990 रोजी निघाली. मद्रासला स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री गेले नाहीत. मी तेव्हा शाळेत होतो. मामा रजेवर आले, पत्र्याची ट्रंक रिक्षातून उतरवली. तिचे बूड खाऱ्या पाण्याने गंजलेले होते. गल्लीत हार नाही, फटाके नाहीत. एका शिकल्यासवरलेल्या माणसाने विचारले, "दुसऱ्याच्या भांडणात कशाला गेला होता?" मामांनी उत्तर दिले नाही. ती ट्रंक आजही त्यांच्या घरी आहे, मामी तीत ज्वारी ठेवतात.

विजयदुर्गाला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. किल्ला तीन बाजूंनी पाण्यात, शेजारी वाघोटण खाडीचे मुख. याच बंदरात फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्रेंचे आरमार जळून गेले. तटावरून करड्या रंगाचे जहाज दिसले. मला ते पाहून जरा निराशाच झाली. पेपरातल्या फोटोत मोठे वाटले होते, इथे समुद्रापुढे एसटीच्या डेपोतल्या जुन्या गाडीसारखे गप्प उभे. वर जाऊ देत नाहीत. एका मच्छीमार दादांना विनंती केली, त्यांनी होडीतून लांबूनच एक फेरी मारायचे कबूल केले. होडीत बसताना मामांनी माझा दंड घट्ट धरला होता. त्यांना अजूनही पोहता येत नाही.

दादा मागच्या बाजूने नेत होते. मामा म्हणाले, "तोंडाकडनं घ्या." होडी वळली. पुढची दारे बंद होती, सांध्यांवरून गंजाचे ओघळ उतरलेले. मामा टक लावून पाहत राहिले. मला वाटले, हेच ते, असे काही म्हणतील. ते म्हणाले, "आमच्या वेळी रंग बरा होता."

परतीच्या गाडीत मी त्यांना एव्हान्सव्हिलची गोष्ट सांगितली. अमेरिकेतले हे गाव समुद्रापासून शेकडो मैल आत, ओहायो नदीवर. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या कारखान्याने अशी 167 जहाजे बांधून नदीतून समुद्रात सोडली. त्याच घाटणीचे 325 क्रमांकाचे जहाज नॉर्मंडीच्या चढाईत होते, नंतर ते ग्रीसला गेले. पुढे म्हाताऱ्या नौसैनिकांनी ते ग्रीसहून स्वतः चालवत अमेरिकेला आणले, जानेवारी 2001 मध्ये ते मोबाइल बंदराला लागले. आज ते एव्हान्सव्हिलला नदीत तरंगते संग्रहालय आहे. मला वाटत होते, मामा आता आपल्याकडच्या बुडवण्यावर चिडतील. पण नाही. "बुडवू दे की. मासे राहतील, कोकणातल्या पोरांना काम मिळेल. पण खाली जाणाऱ्याला कळायला नको का, हे कशात होतं ते?"

म्हणून घरी आल्यावर अर्ज लिहिला. अर्ज लिहिणे हा माझा रोजचा धंदा, तरी हा तीनदा फाडला. मागणी एकच: पाण्याखाली आणि किनाऱ्यावरच्या तिकीट खिडकीपाशी मराठीत फलक असावा. त्यावर श्रीलंकेतील मोहिमेची साले, मृत सैनिकांची संख्या आणि पहिल्या गुलदारच्या वेळी कॉक्स बाजारला बुडालेल्या दोघांचा उल्लेख असावा. मी मसुद्यात 'शूर' हा शब्द चार ठिकाणी घातला होता. मामांनी चष्मा लावून वाचले, चारही खोडले आणि म्हणाले, "ट्रक उलटा घालायचा, ते लिही. पोरांना आवडेल."

खाली त्यांनी सही केली आणि मी न सांगताच सहीखाली आपला फौजेतला नंबर घातला.