हाताला काम

अर्धांगवायू झालेल्या वडीलधाऱ्यांची सेवा व्यापारी कुटुंबांतून मनोभावे होते. सून घास भरविते, मुलगा सदऱ्याची बटणे लावितो. या सेवेत प्रेम असते. दुबळ्या हाताचे नुकसानही असते.

मेंदूचा जो भाग रक्ताअभावी मरतो, तो पुन्हा जिवंत होत नाही. मात्र उरलेला मेंदू त्याचे थोडेफार काम शिकू शकतो, आणि शिकतो तो पुनःपुन्हा केल्याने. कामच न मिळालेल्या हाताला परतलेली शक्तीसुद्धा न वापरण्याची सवय जडते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी यावर वेगळाच उपाय योजला : चांगल्या हातावर मोजा चढवायचा आणि कामे दुबळ्याकडून करवून घ्यायची. २२२ रुग्णांवरील दोन आठवड्यांच्या या उपचाराचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतरही लाभ टिकून होता. अर्थात मनगट व बोटे थोडी तरी हलत असलेल्यांसाठीच हा मार्ग. आणि अति घाईही नको. झटक्यानंतर २४ तासांच्या आत वारंवार उठवून हालचाल करविलेल्या रुग्णांची प्रगती उलट कमी झाल्याचे २०१५ सालच्या मोठ्या चाचणीत दिसले.

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याच्या शेठजींना रबरी चेंडू दाबण्याचा कंटाळा होता. फिजिओथेरपिस्टने चेंडू बाजूला ठेवून विचारले, हा उजवा हात कारखान्यात काय करीत असे? पोत चाचपणे, सुताचा कोन उचलणे, मालाची घडी पाहणे. मग दुपारी पॅकिंगच्या टेबलाशी हातरुमालांच्या घड्या सुरू झाल्या. मालकांची घडी विस्कटताना पाहणे कामगारांना जड गेले. कोणी मदतीस सरसावला की मुलगा नजरेनेच थांबवी. शेठजींना तर ते अधिकच जड गेले असणार. व्यायामाच्या पुस्तकांत या संकोचाला जागा नसते.

घरी कसोटी ताटाशी. उजव्या हाताने जेवायला पाऊण तास लागू लागला आणि नियम सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा. हिवाळ्यात स्वयंपाक चारलाच आटोपू लागला. सदऱ्यावर वरण सांडे. सूनबाई समोर बसून राहत, हात पुढे करीत नसत. एक काळजी मात्र सर्वांनी घेतली : उठविताना दुबळा हात कोणी ओढला नाही, आणि छताला बांधलेली कप्पी काढून टाकली. खिळखिळ्या झालेल्या खांद्याला असा ताण सोसत नाही, आणि खांदा एकदा दुखू लागला की हात पुन्हा मांडीवरच पडून राहतो.