चेहरा उठून दिसावा म्हणून

जत्रेतल्या फोटोवाल्याचा पडदा जवळून पाहिला की मळकट वाटायचा. मांजरपाटावर रंगवलेला महाल, महालापुढे कारंजं, मागे डोंगरांची रांग, वर चंद्रकोर. थाट एवढा, पण रंग म्हणाल तर राखी, निळसर, धुरकट. उन्हातून तंबूत शिरलेल्या माणसाला वाटावं, रंगाऱ्यानं हात आखडता घेतला. मग फोटो तयार होऊन हातात यायचा आणि त्यात महाल कुठल्या कुठे मागे सरलेला असायचा. पुढे दिसायचे ते आजोबांच्या पटक्याचे पीळ, आजीच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू आणि मांडीवरचं भेदरलेलं पोर. "हलू नका, भाऊ," एवढं बजावून काळ्या कापडात डोकं घालणाऱ्या त्या माणसाला आणि त्याचा पडदा रंगवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पडद्यानं मागं राहायचं असतं.

हेच शहाणपण जगातल्या मोठमोठ्या थीम पार्कनी शास्त्र म्हणून जोपासलं. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात उघडलं. तिथले मनोरे, झेंडे, झोके सगळ्या जगानं फोटोत पाहिले. पण तिथला सर्वांत विचारपूर्वक वापरलेला रंग कुणाच्या लक्षातही येत नाही. विजेच्या पेट्या, कामगारांच्या येण्याजाण्याची दारं, कुंपणं, राइडची यंत्रं पोटात घेऊन उभ्या असलेल्या गोदामासारख्या इमारती एका करड्या हिरव्या रंगानं रंगवलेल्या असतात. 'गो अवे ग्रीन' हे त्याचं नाव. ज्या उंच भिंतींमागे थेट आभाळच येतं, त्यांना तसाच निळसर करडा. यात जादू काही नाही. डोळा धावतो तो भडक रंगाकडे, आणि जिथे उजेड नि काळोख एकमेकांना भिडतात तिकडे. बाजूच्या झाडीइतकीच उजळ आणि तिच्याहून जराशी फिकुटलेली वस्तू समोर असूनही नजर तिच्यावर ठरत नाही. नको ते असं मागं ढकललं, की तिथल्या गुलाबी किल्ल्याला ओरडावं लागत नाही.

त्या किल्ल्याचे दगड तळाशी मोठे आणि वर जाता जाता लहान होत गेलेले आहेत. त्यामुळे तो आहे त्याहून उंच भासतो, डोळ्याला आणि कॅमेऱ्यालाही. मला मात्र भुरळ पडते ती वेगळ्याच गोष्टीची. तिथला किल्ला आणि १९७१ साली फ्लोरिडात उभा राहिलेला त्याचा धाकटा पण आकारानं मोठा भाऊ, दोघांचीही तोंडं दक्षिणेकडे आहेत. उत्तर गोलार्धात सूर्य दिवसाचा बराचसा वेळ दक्षिणेच्या अंगानं फिरतो. म्हणजे किल्ल्याला पाठ करून उभ्या राहिलेल्या कुटुंबाच्या तोंडावर उजेड, मागचा किल्लाही उजेडात. फोटो कुठून काढावा हे सांगणाऱ्या कोडॅकच्या पाट्या त्या बागांमधून वर्षानुवर्षं उभ्या होत्या. पण खरी जागा ठरून गेली ती पाया खणण्याआधी, दिशा ठरली तेव्हाच.

अशा बागा आपल्याकडेही आहेत. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडहून खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कपेक्षा हैदराबादची रामोजी फिल्म सिटी जवळ. तिथे एकच इमारत एका बाजूनं विमानतळ असते आणि वळसा घालून गेलं की दवाखाना. पोरं त्या दारांपुढे हौसेनं फोटो काढतात आणि मला त्यात काहीच खोटं वाटत नाही. जत्रेतल्या पुठ्ठ्याच्या विमानात बसून काढलेला फोटोही घरच्या भिंतीवर मानानं लागायचाच.

आता आपलं ऊन. उमरखेड साडेएकोणीस अंशांच्या जरा वर, त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायांखाली जाते. त्या उजेडात कपाळ चमकतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, हनुवटीखाली अंधार. कितीही भारी फोन असो, दुपारी बाराला काढलेला तो चेहरा थकलेलाच दिसणार. हिवाळ्यात तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की दक्षिणेला तोंड केलं तर दुपारीही उजेड समोरून येतो आणि चेहऱ्यावरच्या सावल्या कमी होतात. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे आपल्याकडचे फोटो उजळ येतात, त्यात नव्या कपड्यांइतकाच वाटा या कललेल्या उन्हाचा आहे.

आणि रंगाची समज आपल्या रानाला कुणी शिकवावी? पैनगंगेच्या जंगलात माघ सरता सरता सागाची पानं गळून जातात, सगळं रान राखी होतं. पळस आधी स्वतःची पानं टाकून देतो, फांद्या काळपट, उघड्या होतात आणि मग त्यावर केशरी फूल येतं. हिरव्या पानांच्या गर्दीत ते फुललं असतं तर लांबून एवढं दिसलं नसतं. पोळ्यालाही आपण तेच करतो. बैलाचं पांढरं अंग धुऊन स्वच्छ करायचं आणि शिंगं भडक रंगानं रंगवायची.

सहस्रकुंडला गेलात तर हे सगळं एका जागी दिसेल. एका काठावर आपला यवतमाळ जिल्हा, दुसऱ्यावर नांदेड, आणि मधे पैनगंगा काळ्या बसाल्टच्या कड्यावरून अनेक धारांनी कोसळते. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ उजेड सगळीकडे सारखा पसरवतं. काळा दगड, पांढरं पाणी, मागे ओली हिरवळ. अशा ठिकाणी लाल लुगड्यातली बाई किंवा हळदीच्या रंगाचा सदरा घातलेला माणूस दूरवरूनही ओळखू येतो. पण फोन पांढऱ्या पाण्याला भुलतो आणि चेहरा काळवंडतो. फोनच्या पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवावं, म्हणजे तो चेहऱ्यासाठी उजेड मोजतो; पाणी थोडं फटफटीत झालं तरी होऊ द्यावं. आणि कड्यावरचा ओला दगड शेवाळलेला असतो. चांगला फोटो मिळतो तो धारेपासून लांब उभं राहून, त्यासाठी काठावर जायची गरज नाही.

मला काळजी वाटते ती गावोगाव उभ्या राहणाऱ्या सेल्फी पॉइंटची. पोपटी, राणी, भडक पिवळा, जांभळा, एकाच भिंतीवर, तेही चकाकणाऱ्या ऑइल पेंटमध्ये. पोपटी भिंतीशेजारी उभ्या राहिलेल्या मुलीच्या गालावर हिरवी झाक येते, कारण ऊन भिंतीवर पडून तिचा रंग घेऊनच परततं. चकाकणारी पांढरी भिंत असेल तर फोन तिच्याच उजेडाचा हिशेब धरतो आणि सावळा चेहरा काजळतो. सावळ्या माणसांवर हा अन्याय जुना आहे. फिल्मच्या जमान्यात प्रयोगशाळा ज्या कार्डावरून रंग जुळवायच्या, त्या 'शर्ली कार्डा'वर कित्येक दशकं गोऱ्याच बाईचा चेहरा होता. वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे असलेली कार्डं आली ती १९९०च्या दशकात. कार्ड बदलणं आपल्या हातात नव्हतं. भिंत आहे.

आपल्या घरांना हे रंग माहीत होते. शेणामातीनं सारवलेली भिंत, पांढऱ्या मातीचा हात, खाली गेरूचा पट्टा. ती भिंत ऊन पिऊन टाकते, चमकत नाही. तिच्यापुढे बसलेल्या म्हातारीच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती फोटोत येते आणि सुंदर येते. विटकरी, निळीचा गडद निळा, मातकट करडा, हे रंग आपल्या कातडीशी भांडत नाहीत.

म्हणून नगरपरिषदेला, शाळांना, मंडळांना एक कळकळीची विनंती. पुढच्या वेळी सेल्फी पॉइंटवर गावाचं नाव लिहायला भिंत निवडाल, तेव्हा जमलं तर दक्षिणेला तोंड असलेली निवडा. मागची विजेची डीपी आणि पाण्याची टाकी करड्या रंगात बुडवा. चकाकता पेंट टाळा. आणि पेंटरला रंगाचे डबे आणायला पाठवण्याआधी शाळेतल्या चार पोरांना सकाळी दहाला आणि दुपारी चारला त्या भिंतीपुढे उभं करा, फोनवर फोटो काढा आणि ज्या रंगापुढे त्या पोरांचे चेहरे सर्वांत छान दिसतील, तोच रंग द्या.